गोल्ड कप आणि सिॲटल: स्टॅन सेअर्सचा वारसा

स्टॅन्ली सेअर्स हा अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिॲटल शहरात क्रायस्लर गाड्या विकणारा व्यापारी होता. स्वभावाने मितभाषी, वेगवान बोटींचा नाद असलेला, आणि सिॲटल यॉट क्लबचा सभासद. १९५० ते १९५४ या काळात त्याच्या ‘स्लो-मो-शन’ नावाच्या दोन बोटींनी अमेरिकेतल्या मोटरबोट शर्यतींमधला सर्वांत मानाचा गोल्ड कप ओळीने पाच वर्षे जिंकला. त्यांपैकी एका बोटीने पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम दोनदा केला. ते विक्रम पुढे मोडले गेले, चषकही हातचा गेला. पण त्या विजयांमुळे सिॲटलला जी शर्यत मिळाली, ती आजही ऑगस्टमध्ये लेक वॉशिंग्टनवर होते. एका माणसाच्या खर्चिक छंदातून शहराचा सण उभा राहिला, त्यात बोटीच्या वेगाचा जेवढा वाटा आहे तेवढाच चषकाच्या नियमावलीतल्या एका साध्या कलमाचाही आहे.

गोल्ड कपची पहिली शर्यत १९०४ साली न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर झाली. आदल्या वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकन पॉवर बोट असोसिएशनने हा चषक ठेवला होता. पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी बोट ही त्या काळी श्रीमंतांची नवलाई होती. पहिली विजेती ‘स्टँडर्ड’ ताशी पंचवीस मैलांची सरासरीही गाठू शकली नव्हती. या चषकाने शिडाच्या शर्यतींमधली एक जुनी प्रथा उचलली होती. जी बोट जिंकेल तिच्या क्लबकडे चषक जायचा आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतीचे यजमानपदही त्याच क्लबकडे जायचे. चषक परत हवा असेल तर हरलेल्यांनी विजेत्याच्या पाण्यावर जाऊन तो जिंकायचा.

या कलमाने शर्यतीचा भूगोल अनेकदा बदलला. १९१५ साली ‘मिस डेट्रॉइट’ या बोटीने न्यूयॉर्ककडच्या पाण्यावर चषक जिंकला आणि शर्यत मोटारींच्या राजधानीत, डेट्रॉइटला आली. १९१७ ते १९२१ या पाच वर्षांत तिथल्या गार वूडने ती एकहाती आपल्याकडे ठेवली. मालवाहू ट्रकची पेटी उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रावर त्याने पैसा कमावला होता आणि बोटीत विमानाची इंजिने बसवायला तो कचरत नव्हता. त्याच्यापुढे कोणी टिकेना, तेव्हा नियमच बदलून इंजिनाच्या आकारावर मर्यादा घालण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, ती मर्यादा उठली. लढाऊ विमानांची हजारो इंजिने युद्धानंतर बिनकामाची पडली होती आणि मोडीच्या भावात मिळत होती. पी-३८ आणि पी-४० विमानांतले ॲलिसन आणि मस्टँगमधले मर्लिन ही बारा सिलिंडरची इंजिने शर्यतीच्या बोटींत बसू लागली. शर्यतीचे माहेरघर मात्र डेट्रॉइटच राहिले. सिॲटलचे नाव त्या नकाशावर कुठेच नव्हते.

सिॲटल यॉट क्लबची परंपराही वेगळी होती. मुंबईकराला यॉट क्लब म्हटले की गेटवेजवळची, १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबची इमारत आठवते. शिडाच्या होड्या, कमोडोर, गणवेश, ठरलेले शिष्टाचार हे सारे त्या नावाबरोबर येते. सिॲटलचा क्लब त्याच घराण्यातला. त्याची मुळे १८९२ पर्यंत जातात. १९१७ मध्ये लेक वॉशिंग्टन आणि प्युजेट साउंडचे खारे पाणी जोडणारा कालवा अधिकृतपणे खुला झाला, आणि त्यानंतर क्लब कालव्याच्या वाटेवरच्या पोर्टेज बे या गोड्या पाण्याच्या आखातात आला. जॉन ग्रॅहम या वास्तुविशारदाने आखलेली तिथली इमारत १९२० पासून वापरात आहे. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी नौकानयनाच्या हंगामाचा प्रारंभ साजरा करायचा आणि सजवलेल्या बोटींची मिरवणूक माँटलेकच्या अरुंद कालव्यातून न्यायची, हा क्लबचा मोठा सोहळा. त्यात कानठळ्या बसवणाऱ्या विमानी इंजिनांना जागा नव्हती. तरीही सेअर्स याच क्लबचा सभासद होता आणि चषकाच्या नियमाप्रमाणे त्याची बोट जिंकली तर यजमान हाच क्लब ठरणार होता.

सेअर्सच्या विजयी बोटीमागे तिघे होते. एक तो स्वतः, पैसे घालणारा मालक आणि प्रसंगी चालक. दुसरा टेड जोन्स, बोइंगमध्ये नोकरी करणारा आणि फावल्या वेळात बोटी आखणारा. तिसरा अँकर जेन्सन, ज्याच्या वडिलांनी १९२७ साली सुरू केलेला बोटी बांधण्याचा कारखाना पोर्टेज बेच्याच काठावर होता. पहिल्या तीन ‘स्लो-मो-शन’ बोटी सेअर्सच्या मनासारख्या वेगाच्या नव्हत्या. संथ गती सुचवणारे हे नाव त्याने मुद्दाम वेडेवाकडे स्पेलिंग करून ठेवले होते. चौथी बोट जोन्सने आखली, जेन्सनने बांधली आणि १९४९ च्या शरदात ती पाण्यात उतरली. साडेअठ्ठावीस फूट लांबीच्या त्या लाकडी बोटीत एक ॲलिसन इंजिन होते.

तिचे वेगळेपण कळण्यासाठी हायड्रोप्लेन म्हणजे काय ते थोडे पाहावे लागते. साधी होडी पाणी बाजूला सारत पुढे जाते, आणि वेग वाढेल तसा पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. हायड्रोप्लेन पुरेसा वेग घेतल्यावर पाण्यातून वर येते आणि पृष्ठभागावर घसरते. न्यू जर्सीतल्या व्हेंटनॉर कारखान्याच्या एपल कुटुंबाने १९३० च्या दशकात त्यात मोठी सुधारणा केली. बोटीच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना स्पॉन्सन नावाचे छोटे उथळ तळ काढले, म्हणजे बोट दोन स्पॉन्सन आणि मागचा तळ अशा तीनच ठिकाणी पाण्याला टेकते. मधल्या पोकळीत हवा दाबली जाते आणि बोटीला आणखी उचलते. माल्कम कॅम्पबेलच्या ‘ब्लू बर्ड के-४’ने १९३९ साली इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटरवर केलेला ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम याच पद्धतीच्या बोटीचा होता.

जोन्सने एक पाऊल पुढे टाकले. त्याने बोटीचा मागचा भाग असा आखला की पूर्ण वेगात तोही पाण्याबाहेर यावा आणि तिसरा टेकू प्रोपेलरचाच, म्हणजे पंख्याचाच असावा, तोही अर्धा पाण्यात आणि अर्धा हवेत. वरवर पाहता हे तोट्याचे वाटते, कारण पंख्याचे निम्मे पाते वायाच जाते. पण एरवी पाण्यात घासत जाणारा शाफ्ट, त्याला धरणारा आधार आणि बोटीची शेपूट हे सारे बाहेर आल्याने विरोध इतका घटतो की हिशेब फायद्याचा ठरतो. इंजिनाचे मिनिटाला तीन हजारांच्या आसपासचे फेरे गिअरबॉक्समधून जवळपास तिपटीने वाढवून पंख्याला दिले जात, म्हणजे तो मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरत असे. पाणी कापत जाणाऱ्या त्या पंख्यामागे पाण्याचा प्रचंड फवारा उठे. तो कोंबड्याच्या शेपटासारखा मागे वळून पडे. प्रेक्षकांना सर्वांत आधी दिसे तो हा फवाराच, बोट नंतर.

आराखड्यात किती श्रेय कोणाचे यावरून या तिघांत पुढे वितुष्ट आले आणि वाद त्यांच्या चाहत्यांनी कित्येक वर्षे चालू ठेवला. जोन्स १९५१ नंतर वेगळा झाला. आज मागे वळून पाहता या भांडणात एकाची बाजू घेणे अवघड आहे. पंख्यावर तरंगणाऱ्या बोटीची कल्पना जोन्सने लहान बोटींवर आधीपासून घासून पाहिली होती, हे मान्यच करावे लागते. पण जेन्सनच्या हातचे बांधकाम आणि महिनोन्‌महिने खर्च सोसणारा मालक नसता तर ती कागदावरच राहिली असती.

२६ जून १९५० च्या सकाळी लेक वॉशिंग्टनच्या सँड पॉइंटसमोर विक्रमाचा प्रयत्न झाला. चाक सेअर्सच्या हाती होते आणि जोन्स शेजारी बसला होता. विक्रमासाठी मोजलेला एक मैल दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढायची असते, म्हणजे वारा-प्रवाहाचा फायदा कोणाला मिळत नाही. सरासरी आली ताशी १६०.३२३५ मैल, सुमारे २५८ किलोमीटर. कॅम्पबेलचा विक्रम अकरा वर्षे टिकला होता आणि तो एकदम साडेअठरा मैलांहून अधिक फरकाने गेला. पाण्यावरच्या वेगाचे विक्रम सहसा थोड्याथोड्या मैलांनी सरकत, त्यामुळे ही उडी जाणकारांनाही अनपेक्षित होती.

महिन्याभरात बोट डेट्रॉइटला नेण्यात आली. सरळ रेषेत एक मैल धावणे निराळे आणि वळणे घेत नव्वद मैलांची शर्यत काढणे निराळे. त्यामुळे पश्चिमेकडच्या या नवख्या बोटीबद्दल डेट्रॉइटमध्ये शंकाच अधिक होती. गोल्ड कप तीन हीटमध्ये होत असे, प्रत्येक हीट तीस मैलांची. जोन्स चालवत असलेल्या ‘स्लो-मो-शन फोर’ने आदल्या वर्षीची विजेती ‘माय स्वीटी’ धरून सगळ्यांना मागे टाकले, आणि पहिल्या हीटमध्ये तर प्रतिस्पर्ध्यांना आख्ख्या लॅपने गाठले. त्याच उन्हाळ्यात, डेट्रॉइटच्याच नदीवर लू फॅजल या चालकाने ही बोट चालवून कॅनडाच्या आव्हानाविरुद्ध आंतरराष्ट्रीय हार्म्सवर्थ चषकही राखला. एका हंगामात जागतिक विक्रम, गोल्ड कप आणि हार्म्सवर्थ या तिन्ही गोष्टी एकाच बोटीच्या नावावर झाल्या. डेट्रॉइटच्या दृष्टीने मोठे नुकसान मात्र निराळेच होते. कलमाप्रमाणे पुढची शर्यत सिॲटलला जाणार होती.

सिॲटलमध्ये ती योग्य वेळी पोहोचली. शहराचे संस्थापक मानले जाणारे गोरे वसाहतकार नोव्हेंबर १८५१ मध्ये अल्की पॉइंटवर उतरले होते, त्यामुळे शताब्दीची तयारी चालू होती. त्या निमित्ताने १९५० च्या ऑगस्टमध्ये ‘सीफेअर’ नावाचा उत्सव सुरू करण्यात आला होता. मिरवणुका, कवायती, राणीची निवड असा अमेरिकी गावजत्रेचा साचा होता, पण मध्यवर्ती आकर्षण नव्हते. शहराला व्यावसायिक खेळाचा मोठा संघही नव्हता. बास्केटबॉलचा सुपरसॉनिक्स १९६७ साली आला आणि बेसबॉलचा मरिनर्स तर १९७७ साली. शिकागो-न्यूयॉर्ककडून मागास म्हणून पाहिल्या जाणाऱ्या शहराला डेट्रॉइटला हरवणारी बोट मिळाली, आणि ती याच शहरात आखलेली, इथेच बांधलेली आणि इथल्याच पाण्यावर विक्रम केलेली होती.

४ ऑगस्ट १९५१ रोजी सिॲटल यॉट क्लबच्या यजमानपदाखाली लेक वॉशिंग्टनवर गोल्ड कपची पहिली शर्यत झाली. क्लबपुढचे काम सोपे नव्हते. हंगामाची मिरवणूक काढणाऱ्या संस्थेला राष्ट्रीय शर्यतीचे वेळमापन, पंच, गस्तीच्या बोटी आणि लाखांच्या घरातली गर्दी सांभाळायची होती. १९४० मध्ये खुल्या झालेल्या काँक्रीटच्या तरंगत्या पुलाच्या दक्षिणेला पावणेचार मैलांचा मार्ग आखला गेला, आणि त्याच्या आठ फेऱ्यांत तीस मैल भरत. काठावर दिवसभर बसण्यासाठी तिकीट लागत नव्हते. श्रीमंत आपापल्या बोटी घेऊन मार्गाच्या कडेला ओंडक्यांची साखळी पसरून केलेल्या कठड्याला, म्हणजे ‘लॉग बूम’ला, बांधून बसत. बाकीचे टेकड्यांच्या उतारावर सतरंज्या टाकून. बघ्यांची अशी सर्व थरांतली सरमिसळ यॉट क्लबच्या इतर कोणत्याही कार्यक्रमात होत नव्हती.

या पहिल्या वर्षी फॅजलने सेअर्सची नवी बोट ‘स्लो-मो-शन फाइव्ह’ चालवून चषक राखला, पण दिवस अपघाताने काळवंडला. पोर्टलंडहून आलेली ‘क्विकसिल्व्हर’ अखेरच्या हीटमध्ये वळणावर नाक खुपसून पाण्यात गेली. चालक ऑर्थ मॅथियट आणि सोबती थॉम व्हिटेकर दोघेही मृत्युमुखी पडले. शर्यत थांबवण्यात आली. सिॲटलच्या शर्यतीच्या पहिल्याच पानावर दोन मृत्यू आहेत, आणि उत्सवाच्या आठवणी सांगताना हे पान बहुधा उलटून टाकले जाते.

पुढची तीन वर्षे सिॲटलचीच होती. ७ जुलै १९५२ रोजी सेअर्सने स्वतःचाच विक्रम मोडून ताशी १७८.४९७ मैल, म्हणजे २८७ किलोमीटर, असा नवा विक्रम केला. त्याच ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या जहाजमालक घराण्यातल्या स्टॅन्ली डॉलरने ‘फोर’ चालवून चषक जिंकला. १९५३ मध्ये जो टॅगर्ट आणि फॅजल यांनी तीच बोट आलटून पालटून चालवली. १९५४ मध्ये फॅजल पुन्हा ‘फाइव्ह’वर होता. सेअर्स आपल्या नावाचा डंका पिटणारा नव्हता, पण शहराने त्याला नायक केलेच.

फॅजलची सुरुवात करण्याची पद्धत तर लोकांच्या तोंडी होती. हायड्रोप्लेन शर्यत उभ्या बोटींनी सुरू होत नाही. किनाऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाचा काटा शून्यावर येण्याच्या क्षणी सर्वांनी धावत्या वेगात रेषा ओलांडायची असते. आधी ओलांडली तर शिक्षा, उशीर झाला तर पहिले वळण दुसऱ्याचे. इतर चालक रेषेच्या आसपास घिरट्या घालत. फॅजल मात्र पुलाच्या उत्तरेला दूर जाई आणि पुलाच्या उंच गाळ्याखालून पूर्ण वेगात बाहेर पडून घड्याळाशी जुळवून रेषा ओलांडे. चूक झाली असती तर काँक्रीटचे खांब दोन्ही बाजूंना होतेच.

हे सारे घरात बसून दिसत होते ही त्या काळातली आणखी एक जुळून आलेली गोष्ट. सिॲटलमध्ये दूरचित्रवाणी १९४८ च्या अखेरीस आली आणि १९५३ पर्यंत शहरात एकच केंद्र होते. त्या केंद्राने बोटींची शर्यत दाखवली म्हणजे शहराने ती पाहिली, दुसरे काही पाहण्याची सोयच नव्हती. पन्नाशीच्या दशकातली सिॲटलची मुले लाकडाच्या फळीतून छोट्या हायड्रोप्लेन कापत, त्यांना आवडत्या बोटीचे रंग देत आणि दोरीने सायकलीला बांधून गल्लीतून ओढत नेत. बोटीचे खलाशीही परके नव्हते. शर्यतींच्या चमूंमध्ये बोइंगमधले यंत्रकुशल लोक सुटीच्या दिवशी विनावेतन काम करत. विमान जोडणारे हात तेच, इंजिनही विमानाचेच.

१९५५ हे साल मात्र उलटे गेले. शर्यतीआधीच्या चाचणीत फॅजलच्या ‘फाइव्ह’खाली पुरेशापेक्षा जास्त हवा भरली. बोटीचे नाक उचलले गेले आणि तिने मागच्या बाजूला पूर्ण कोलांटी घेतली. बोट सुलट पाण्यावर आदळली, फॅजल बाहेर फेकला गेला. गंभीर जखमांतून तो वाचला, पण त्याची शर्यतीची कारकीर्द संपली. शर्यतीच्या दिवशी सिॲटलची दुसरी एक बोट, बिल मन्सी चालवत असलेली ‘मिस थ्रिफ्टवे’, जिंकल्याचे सर्वांनी गृहीत धरले आणि जल्लोषही सुरू झाला. नियमात एकूण नव्वद मैल सर्वांत कमी वेळात काढणाऱ्या बोटीला बोनस गुण होते. हिशेब केला तेव्हा डेट्रॉइटच्या ‘गेल फाइव्ह’ने, ली शोनिथ चालक असताना, अवघ्या ४.५३६ सेकंदांनी कमी वेळ घेतला होता. बोनसमुळे चषक तिला गेला आणि त्याच कलमाने शर्यत पुन्हा डेट्रॉइटला. नियमाप्रमाणे निकाल बरोबर होता. सिॲटलच्या प्रेक्षकांना तो लूट वाटला यातही नवल नाही.

चषक परत आणण्यासाठी सेअर्स १९५६ मध्ये जुनी ‘फोर’ घेऊन डेट्रॉइटला गेला. शर्यतीआधीच्या धावेत बोट एका गस्ती नावेच्या लाटेवर उसळली आणि तिच्या चिंधड्या झाल्या. जो टॅगर्ट जबर जखमी झाला. शर्यत मन्सीच्या ‘मिस थ्रिफ्टवे’ने जिंकली, पण वळणाच्या बोयाला धक्का लागल्याचा आरोप ठेवून पंचांनी तिला बाद केले. वाद ८५ दिवस चालला आणि अखेर विजय तिलाच मिळाला. म्हणजे १९५७ मध्ये गोल्ड कप सिॲटलला परत आला. तो निकाल ऐकायला सेअर्स नव्हता. १७ सप्टेंबर १९५६ रोजी हृदयविकाराने झोपेतच त्याचा मृत्यू झाला होता.

सेअर्सच्या मागे जे उरले ते तीन ठिकाणी विखुरलेले आहे आणि क्लबच्या वास्तूत त्यातले थोडेच आहे. पहिली जागा म्हणजे लेक वॉशिंग्टनच्या पश्चिम काठावरचे स्टॅन सेअर्स स्मृती उद्यान. १९५७ पासून शर्यतीच्या बोटी तिथूनच क्रेनने पाण्यात उतरतात. शर्यतीच्या भाषेत ते ‘सेअर्स पिट्स’. दुसरी जागा शहराचे इतिहास व उद्योग संग्रहालय. १९५६ च्या अपघातातले ‘फोर’चे अवशेष जुळवून बोट पुन्हा उभी करण्यात आली, आणि २०१२ च्या अखेरीस संग्रहालय लेक युनियनच्या काठी नव्या जागेत गेले, तेव्हापासून ती तिथल्या उंच दालनात टांगलेली आहे.

तिसरी जागा म्हणजे नंतरच्या बोटींचा आकार. पंख्यावर तरंगणारा आराखडा इतका निर्णायक ठरला की शर्यतीत टिकून राहायचे तर दुसरा पर्यायच उरला नाही. टेड जोन्सने आखलेल्या ‘मिस थ्रिफ्टवे’, ‘हवाई काय थ्री’, ‘मिस बार्डाल’ या बोटींनी पुढच्या दशकावर राज्य केले. १९५७ मध्ये ‘हवाई काय’ने प्रोपेलरच्या बोटींचा विक्रम ताशी १८७ मैलांवर नेला आणि १९६२ मध्ये अलाबामातल्या गंटर्सव्हिल इथे रॉय डूबीच्या ‘मिस यू.एस. वन’ने २०० मैलांचा आकडा ओलांडला. पाण्यावरच्या वेगाचा सर्वंकष विक्रम मात्र १९५५ मध्येच जेट इंजिनाकडे गेला होता. डोनाल्ड कॅम्पबेलच्या ‘ब्लूबर्ड के-७’ने त्या वर्षी अल्सवॉटर सरोवरावर ताशी २०२ मैल गाठले. त्यामुळे सेअर्सचा १९५२ चा १७८.४९७ हा प्रोपेलरच्या बोटीने केलेला शेवटचा सर्वंकष विक्रम ठरला.

बदलले ते खेळाचे अर्थकारण. सेअर्स स्वतःच्या खिशातून खर्च करत असे आणि बोटीवर कोणत्याही मालाचे नाव नव्हते. त्याच्या पाठोपाठ आलेल्या बोटींपैकी ‘थ्रिफ्टवे’ हे किराणा दुकानांच्या साखळीचे नाव, ‘बार्डाल’ हे इंजिनतेलाचे आणि ‘बडवायझर’ हे बिअरचे. हौशी सभासदाची बोट क्लबच्या झेंड्याखाली धावते, ही कल्पनाच त्यामुळे निकालात निघाली. १९५९ मध्ये नेवाडाच्या बिल स्टेडने ‘मॅव्हरिक’वर सिॲटलहून चषक नेला आणि शर्यत वाळवंटातल्या लेक मीडवर गेली. तिथे १९६० मध्ये वाऱ्यामुळे निकालच लागला नाही. प्रायोजकांना अशी अनिश्चितता परवडणारी नव्हती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला यजमानपद विजेत्याच्या क्लबला देण्याची पद्धत बंद झाली आणि जास्त बोली लावणाऱ्या शहराला शर्यत मिळू लागली. ज्या कलमाने सिॲटलला शर्यत दिली ते कलमच संपले. हा बदल व्यवहाराला धरून होता, पण खेळातले गावोगावचे वैर आणि त्याची गोडी त्याबरोबर ओसरली हे नाकारता येत नाही.

धोका मात्र वेगाबरोबर वाढत गेला. सेअर्सच्या काळात चालक उघड्या जागेत, पट्टा न बांधता बसत. अपघातात बोटीपासून दूर फेकले जाणे हेच सुरक्षित मानले जाई. जून १९६६ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.मधल्या एकाच शर्यतीत रॉन मसन, रेक्स मँचेस्टर आणि डॉन विल्सन हे तिघे गेले. आठ गोल्ड कप जिंकणारा बिल मन्सी १९८१ मध्ये मेक्सिकोत अकापुल्को इथे बोट उलटून मरण पावला, आणि पुढच्याच वर्षी डीन शेनोवेथ. त्यानंतर कुठे लढाऊ विमानाच्या काचेच्या टोपासारखे बंद कॉकपिट बसवण्यात आले आणि चालक उलटलेल्या बोटीतून जिवंत बाहेर येऊ लागले. त्याच दशकात पिस्टन इंजिनांच्या जागी हेलिकॉप्टरची टर्बाइन आली. ॲलिसन-मर्लिनच्या गडगडाटावर वाढलेली पिढी टर्बाइनच्या शिट्टीला अजून नावे ठेवते.

जून २००० मध्ये रस विक्सने प्रोपेलर बोटींचा नवा विक्रम केला, ताशी २०५.४९४ मैल. जागा तीच, लेक वॉशिंग्टन, आणि साल सेअर्सच्या पहिल्या विक्रमानंतरचे पन्नासावे. चार वर्षांनी तो कॅलिफोर्नियात डेव्ह व्हिलवॉकने २२० मैलांच्या पुढे नेला.

सीफेअरमधल्या शर्यतीला आता इतर आकर्षणांशी स्पर्धा करावी लागते. १९७२ पासून नौदलाच्या ब्लू एंजल्स विमानांच्या कसरती त्याच शनिवार-रविवारी होऊ लागल्या आणि अनेकांसाठी बोटी दुय्यम झाल्या. सरोवराच्या पूर्व काठावर बेलव्ह्यू, रेडमंडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांभोवती वाढलेल्या वस्तीत मराठी कुटुंबे आता बऱ्याच संख्येने आहेत. तरंगत्या पुलावरून त्यांची रोजची ये-जा असते, आणि पुलाखालच्या गाळ्यातून फॅजल ताशी शंभरावर मैलांनी निघे हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. यॉट क्लब पोर्टेज बेवर आपल्या जुन्या जागी आहे आणि त्याचा मुख्य सोहळा आजही मे महिन्यातली मिरवणूकच आहे. उन्हाळ्यात मुलांकडे सिॲटलला जाणाऱ्या वाचकांनी लेक युनियनच्या काठचे संग्रहालय जरूर पाहावे. तिथे ‘स्लो-मो-शन फोर’ खालून पाहता येते, आणि टेड जोन्सने काय साधले ते खालूनच नीट कळते: दोन स्पॉन्सन, मध्ये हवेची पोकळी आणि मागे तो छोटासा पंखा.